कंपनी, फौज आणि कापूस : डॉ. आंबेडकरांच्या मक्तेदारी व युद्धविषयक विचारांची प्रस्तावना

मक्तेदारी, लष्कर आणि युद्ध या विषयांवर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी स्वतंत्र ग्रंथ लिहिला नाही. त्यांचे या संबंधीचे विचार विखुरलेले आहेत. १९१५ सालचा कोलंबिया विद्यापीठातील एम.ए.चा प्रबंध, १९१८ मधील एक ग्रंथपरीक्षण, १९४० चा पाकिस्तानवरील ग्रंथ, १९४३ चे आकाशवाणीवरील भाषण, १९४७ मध्ये घटना समितीला सादर केलेले निवेदन, १९५१ चे राजीनाम्याचे निवेदन आणि निधनानंतर १९५७ मध्ये प्रसिद्ध झालेला ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ अशी त्यांची साधारण यादी होते. हे लेखन एका ओळीने वाचले की विषय बदलत गेले तरी प्रश्न तोच राहिला, हे ध्यानात येते. माणसाच्या पोटावर आणि जिवावर चालणारी जी सत्ता कुणालाही जाब देत नाही, तिला कायद्याने बांधायचे कसे, हा तो प्रश्न. ती सत्ता सरकारची आहे की गिरणीमालकाची, व्यापारी कंपनीची आहे की सेनापतीची, हा भेद आंबेडकरांना महत्त्वाचा वाटत असे. पण जाब विचारण्यातून कुणाची सुटका व्हावी इतका महत्त्वाचा नाही.

अर्थशास्त्रज्ञ आंबेडकर आणि घटनाकार आंबेडकर यांचा अभ्यास आपल्याकडे वेगवेगळ्या कप्प्यांत होतो. मक्तेदारी आणि युद्ध हे विषय या दोन कप्प्यांच्या मधल्या भिंतीवर येतात, म्हणून दोन्हीकडून सुटतात. ते एकत्र पाहायचे तर एखादा मुलूख समोर असलेला बरा. यवतमाळ जिल्हा त्यासाठी सोयीचा आहे. आंबेडकरांनी या जिल्ह्यावर काही लिहिले म्हणून नव्हे. कंपनी, फौज, परदेशातले युद्ध, सरकारी एकाधिकार आणि बियाण्याची खासगी मक्तेदारी हे सगळे या एका जिल्ह्याच्या काळ्या मातीवरून गेले आहे म्हणून.

वऱ्हाड इंग्रजांकडे गेले ते लढाईत नव्हे, थकलेल्या पगारापोटी. निजामाच्या खर्चाने पोसलेली, पण इंग्रज अधिकाऱ्यांच्या हुकमतीखालची ‘हैदराबाद कंटिन्जन्ट’ नावाची फौज होती. तिच्या पगाराची बाकी वाढत गेली, ईस्ट इंडिया कंपनीने ती आगाऊ भरली आणि भरलेल्या रकमेचे निजामावर कर्ज चढले. मे १८५३ मध्ये गव्हर्नर जनरल डलहौसीच्या कारकिर्दीत तह झाला आणि कर्जाची व फौजेच्या पुढील खर्चाची हमी म्हणून वऱ्हाडचा महसूल आणि कारभार कंपनीने आपल्याकडे घेतला. १९०२ मध्ये व्हाइसरॉय कर्झनने तोच मुलूख कायमच्या भाडेपट्ट्याने घेतला. आजचा यवतमाळ जिल्हा या मुलखाचा आग्नेय कोपरा. त्याला पूर्वी वणीच्या नावाने ओळखत, १९०५ पासून यवतमाळ. म्हणजे इथल्या कुणब्याने भरलेला सारा आधी एका फौजेच्या पगारात गेला आणि ती फौज ज्यांच्या हुकमाखाली होती, त्यांनीच पुढे त्या साऱ्यावर हक्क सांगितला.

आंबेडकरांचा एम.ए.चा प्रबंध नेमका या व्यवस्थेवर आहे. ‘ईस्ट इंडिया कंपनीचा कारभार आणि अर्थव्यवहार’ हा त्याचा विषय. तेव्हा त्यांचे वय चोवीस होते. १६०० मध्ये सनद मिळालेली ही व्यापारी मंडळी राज्यकर्ती कशी झाली, तिचे उत्पन्न कशातून येई आणि जाई कशावर, याचा हिशेब त्यांनी मांडला. १८१३ च्या सनदेने कंपनीची हिंदुस्थानातील व्यापाराची मक्तेदारी संपली, १८३३ च्या सनदेने चीनचा व्यापारही गेला. भागधारकांचा लाभांश मात्र हिंदुस्थानच्या महसुलातून चालू राहिला. खर्चाच्या बाजूला फौज आणि कर्जावरचे व्याज यांनी मोठा वाटा खाल्ला, कालवे-रस्त्यांसारख्या लोकोपयोगी कामांना उरले ते किरकोळ. १८५८ मध्ये कंपनीचे राज्य संपले तेव्हा तिचे कर्ज पार्लमेंटने हिंदुस्थानच्या माथी मारले. ज्यांना जिंकले त्यांच्याकडूनच जिंकण्याचा खर्च वसूल करण्याची ही रीत तरुण आंबेडकरांना सर्वांत जास्त खटकलेली दिसते. प्रबंधाची भाषा संयमी आहे. शेवटी इंग्लंड आणि हिंदुस्थान यांनी एकमेकांना काय दिले याचा ताळा करताना तो संयम थोडा सुटतो.

हा प्रबंध इंग्रजी राज्यातल्या आर्थिक शोषणाचा हिशेब मांडणाऱ्या दादाभाई नौरोजी किंवा रमेशचंद्र दत्त यांच्या परंपरेतला आहे, हे खरे. त्याचे वेगळेपण दुसरीकडे आहे. आंबेडकर कंपनीकडे परकी म्हणून बघतात त्यापेक्षा जास्त एक संस्था म्हणून बघतात : व्यापाराचा एकाधिकार, करवसुलीचा अधिकार आणि फौज हे तिन्ही एकाच संचालक मंडळाच्या हाती आले की काय होते, हे त्यांना तपासायचे आहे. परके गेले तरी या तीन गोष्टी पुन्हा एकत्र येऊ शकतात, हा धडा त्यात दडलेला होता आणि बत्तीस वर्षांनी त्यांनी तो उघड केला.

कंपनी गेली, कापूस आला. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, दक्षिणेकडील बंदरांची नाकेबंदी झाली आणि लँकेशायरच्या गिरण्यांचा कच्चा माल अडला. मँचेस्टरच्या नजरा वऱ्हाडाकडे वळल्या. मुंबईत भाव भडकले. ज्वारीखालची जमीन कापसाखाली गेली, सावकाराचे भांडवल खेड्यात शिरले. १८६५ मध्ये युद्ध संपले, भाव कोसळले, मुंबईचा शेअरबाजार बुडाला. वऱ्हाडातले कापसाखालचे क्षेत्र मात्र पुन्हा ज्वारीकडे पूर्णपणे वळले नाही. कापसासाठी खास आयुक्त नेमले गेले, रेल्वे आली. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला यवतमाळ–मूर्तिजापूर हा अरुंद रुळांचा फाटा झाला, तीच लोकांची ‘शकुंतला’. तिची मालकी किलिक निक्सन या मॅनेजिंग एजन्सीच्या हाताखालील खासगी कंपनीची होती आणि देशातल्या रेल्वे राष्ट्रीय झाल्यानंतरही ती कंपनीचीच राहिली. गाड्या सरकारी रेल्वेने चालवायच्या आणि कंपनीला मोबदला द्यायचा, असा विचित्र संसार अनेक वर्षे चालला. कापूस पिकवणारा, तो वाहणारा आणि त्याचा भाव ठरवणारा यांच्यात पहिल्याच्या हाती सर्वांत कमी उरले. त्याचे नशीब तीन समुद्रांपलीकडच्या लढाईवर हलत होते.

युद्धाचे मूळ कशात, याचा विचार आंबेडकरांनी पहिल्यांदा केला तो बर्ट्रंड रसेलच्या निमित्ताने. पहिल्या महायुद्धाच्या भर काळात, १९१६ मध्ये, रसेलचे समाजाच्या पुनर्रचनेवरचे पुस्तक आले. आंबेडकरांनी १९१८ मध्ये इंडियन इकॉनॉमिक सोसायटीच्या नियतकालिकात त्याचे परीक्षण केले. रसेल युद्धविरोधी होता, त्यापायी तो तुरुंगातही गेला. हिंदुस्थानी वाचक त्याला आपल्या निवृत्तिमार्गाचा साक्षीदार समजतील, अशी आंबेडकरांना धास्ती होती आणि परीक्षणाचा बराचसा भाग ती वाट बंद करण्यात खर्ची पडला आहे. रसेलला प्रेरणा मारायच्या नाहीत, त्यांना दुसरे वळण द्यायचे आहे, हे ते ठासून सांगतात. पुढे ते आपले कोलंबियातील गुरू जॉन ड्युई यांचा भेद वापरतात. बळाचे दोन प्रकार : काहीतरी घडवणारी शक्ती आणि नासधूस करणारी हिंसा. कोणतेही उद्दिष्ट गाठायला शक्ती लागतेच. ती वाया घालवणारी, विध्वंसक झाली की हिंसा होते. शक्ती नको म्हणणारा समाज शांत होत नाही, तो दुबळा होतो.

त्याच परीक्षणात मालमत्तेचा प्रश्न आहे. पैशाचा लोभ हे अनर्थाचे मूळ, असे रसेल म्हणतो. आंबेडकरांना हे पटत नाही. गरिबीत पिचलेल्या देशात धनाचा तिरस्कार शिकवणारे तत्त्वज्ञान टंचाईच्या काळात जन्मते आणि टंचाईच कायम करते, असा त्यांचा रोख आहे. दोष संपत्तीच्या इच्छेत नाही, ती कोणाकडे किती साचते यात आहे. मक्तेदारीवरचा पुढचा सगळा विचार या ठिकाणाहून निघतो, म्हणून छोटे असूनही हे परीक्षण महत्त्वाचे.

लष्कराचा विषय आंबेडकरांना घरातून माहीत होता. वडील रामजी सकपाळ सैन्यात सुभेदार होते. जन्म महूच्या छावणीतला. १८९० च्या दशकात महारांची भरती बंद झाली. पहिल्या महायुद्धात १११ वी महार पलटण उभी राहिली आणि युद्ध संपल्यावर १९२१ मध्ये मोडली गेली. सैन्यात भरती होणे म्हणजे शाळा, पेन्शन आणि गावकीच्या बाहेर पडण्याची वाट. ती बंद होणे म्हणजे काय, हे त्या समाजाने भोगले होते. म्हणून आंबेडकरांची लष्करावरची टीका ही लष्कराबाहेर राहून केलेली टीका नाही. ‘थॉट्स ऑन पाकिस्तान’ या ग्रंथात त्यांनी सैन्याच्या रचनेवर एक प्रकरण लिहिले. ‘लढवय्या जाती’ हा सिद्धान्त त्यांनी पुराव्यानिशी खोडला. १८५७ मध्ये वायव्येकडचे लोक इंग्रजांच्या बाजूने उभे राहिले, म्हणून पुढे भरती तिकडून होऊ लागली. आधीच्या पिढ्यांत देश जिंकून देणारे शिपाई कुठले होते, हे त्या सिद्धान्ताला सोयीस्करपणे विसरावे लागते. सैन्याच्या खर्चाचा पैसा कोणत्या प्रांतांतून येतो आणि शिपाई कोणत्या प्रांतांतले, याची आकडेवारी त्यांनी समोरासमोर ठेवली. सरहद्द भक्कम असण्यापेक्षा राज्याशी प्रामाणिक राहणारे सैन्य असणे अधिक मोलाचे, हा त्या प्रकरणाचा निष्कर्ष. फाळणीच्या वादात या ग्रंथाचे हे अंग झाकोळून गेले. लष्कराला सरकारचे मुकाट हत्यार न मानता समाजरचनेचे प्रतिबिंब मानणारा विचार त्या काळी फारसा कुणी मांडत नव्हते.

दुसऱ्या महायुद्धात ते स्वतः सत्तेत गेले. जुलै १९४२ मध्ये व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री झाले आणि १९४६ पर्यंत तिथे होते. त्यांच्या आधीपासून त्या मंडळात वणीचे लोकनायक बापूजी अणे होते. टिळकपरंपरेतले, यवतमाळला वकिली केलेले, १९३० च्या जुलैत पुसदला सरकारच्या राखीव जंगलातले गवत कापून सत्याग्रह करणारे. विदर्भ-मुंबईतले दोन कायदेपंडित युद्धकाळात एकाच मेजाभोवती बसले, हा योगायोग फार काळ टिकला नाही. फेब्रुवारी १९४३ मध्ये गांधीजींच्या उपवासाच्या वेळी अण्यांनी होमी मोदी आणि नलिनीरंजन सरकार यांच्यासह राजीनामा दिला. आंबेडकर राहिले.

ते का राहिले, याचे उत्तर जानेवारी १९४३ मध्ये मुंबई आकाशवाणीवरून केलेल्या भाषणात आहे. कामगारांना हे युद्ध जिंकायचे आहे, कारण नाझींची नवी व्यवस्था स्वातंत्र्य, समता आणि बंधुता या तिन्हींच्या मुळावर येते. हल्ला झाल्यावर लढायला नकार दिल्याने युद्ध संपत नाही. युद्ध संपवायचे तर ते जिंकून न्याय्य शांतता प्रस्थापित करावी लागते. आणि कामगारांना नुसता विजय पुरेसा नाही. युद्धानंतर जुनी व्यवस्था तशीच राहणार असेल तर त्यांचा लढा चालूच राहील. युद्धाच्या समर्थनाला अशी अट जोडणारे भाषण सरकारी नभोवाणीवरून एका मंत्र्याने करावे, ही गोष्ट आजही नवलाची वाटते.

पण सत्तेत बसलेल्या माणसाच्या हातून युद्ध काय करवून घेते, याचाही नमुना याच काळात आहे. खाणीत जमिनीखाली काम करण्यास स्त्रियांना असलेली बंदी कोळशाच्या टंचाईमुळे १९४३ मध्ये उठवली गेली. बाळंतपणाची रजा आणि भत्ता यांसाठी मुंबई कायदेमंडळात बोललेल्या आंबेडकरांना केंद्रीय कायदेमंडळात या निर्णयाचे समर्थन करावे लागले. तात्पुरता, अगतिकतेचा निर्णय असे त्याचे वर्णन झाले. बंदी पुन्हा लागू व्हायला १९४६ उजाडले. त्यांच्या चाहत्यांनी लिहिलेल्या चरित्रांत हा प्रसंग सहसा सापडत नाही. तो लपवण्यासारखा नाही. आणीबाणीत कायदा पहिला घाव कुणावर घालतो हे त्यातून दिसते.

युद्धाबरोबर आंबेडकर दुसरे एक काम करत होते. युद्धोत्तर पुनर्रचनेच्या समितीत वीज आणि पाणी हे विषय त्यांच्याकडे होते. वीज स्वस्त आणि मुबलक हवी, नाहीतर देश उद्योगात उभा राहणार नाही, आणि तशी ती मिळायची तर तिची मालकी खासगी नफ्यावर सोडता येणार नाही, ही त्यांची भूमिका. दामोदर खोऱ्याच्या प्रकल्पाची पायाभरणी याच काळातली.

मक्तेदारीवरचे त्यांचे सर्वांत स्पष्ट लेखन म्हणजे मार्च १९४७ चे ‘राज्ये आणि अल्पसंख्याक’. शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनच्या वतीने घटना समितीसाठी तयार केलेला हा मसुदा चक्क कलमांच्या रूपात आहे. महत्त्वाचे उद्योग राज्याच्या मालकीचे असावेत आणि राज्यानेच चालवावेत. मूलभूत उद्योग राज्याच्या मालकीचे असावेत, राज्याने किंवा त्याने स्थापलेल्या महामंडळांनी चालवावेत. विमा ही राज्याची मक्तेदारी असावी आणि प्रत्येक प्रौढाला विमा सक्तीचा असावा. शेती हा राज्याचा उद्योग; जमीन घेऊन मालकांना कर्जरोख्यांच्या रूपाने मोबदला द्यावा आणि गावकऱ्यांना ती सामूहिक कसण्यासाठी जातिधर्म न पाहता द्यावी. हे सारे घटना लागू झाल्यापासून दहा वर्षांच्या आत व्हावे. आणि, यात खरी मेख आहे, ते कायदेमंडळाच्या मर्जीवर न सोडता घटनेतच लिहावे; आजचे बहुमत उद्या पालटते.

या मसुद्याला जोडलेल्या स्पष्टीकरणात आंबेडकरांमधला कायदेपंडित पुरेपूर दिसतो. मूलभूत हक्क सरकारविरुद्ध असतात, हे सगळे मान्य करतात. पण बेकार माणसाला नोकरी आणि हक्क यांपैकी एक निवडायला सांगितले तर तो काय निवडेल? उपाशी माणूस संघटनेचा हक्क, भाषणाचा हक्क, कामाचे ठरावीक तास, सगळे मालकाच्या पायाशी ठेवील. म्हणजे सरकार हक्क हिरावत नसले तरी मालक हिरावतो. सरकारने हात आखडता घेतला की स्वातंत्र्य वाढते म्हणतात, कुणाचे? जमीनदाराचे खंड वाढवण्याचे, भांडवलदाराचे कामाचे तास वाढवून मजुरी घटवण्याचे. उद्योगात हजारो माणसे एका हुकमावर चालतात, तिथे नियम करणारी एक सत्ता लागतेच. ती सत्ता राज्याची नसेल तर खासगी मालकाची असते, आणि राज्याचा अंमल सुटलेल्या जागी खासगी हुकूमशाही येते. १९१५ च्या प्रबंधातली कंपनी इथे पुन्हा भेटते, फक्त तिच्याकडे आता फौज नाही.

आंबेडकरांचा विरोध मक्तेदारीला सरसकट नव्हता, हे यावरून लक्षात यावे. विम्यासाठी ते स्वतःच मक्तेदारी मागतात. जाब न देणारी मक्तेदारी त्यांना नको. मतदाराला जाब देणारी चालेल. राज्य मतदाराला जाब देतेच, हे त्यांच्या मांडणीतले गृहीतक आहे आणि तेच सर्वांत नाजूक.

या मसुद्यातले फारसे काही घटनेत आले नाही. १७ डिसेंबर १९४६ ला नेहरूंच्या उद्दिष्टांच्या ठरावावर बोलताना आंबेडकरांनी उद्योग आणि जमिनीच्या राष्ट्रीयीकरणाचा उल्लेख त्यात का नाही, असे विचारले होते. त्याच भाषणात त्यांनी जातीय प्रश्न युद्धाने सोडवू पाहणाऱ्यांना, बळाचा उपयोग क्षणापुरता असतो, या इंग्रज विचारवंत बर्कच्या विचाराची आठवण दिली. १५ नोव्हेंबर १९४८ ला मात्र घटना समितीचे सदस्य के. टी. शहांनी ‘समाजवादी’ हा शब्द घटनेत घालण्याची सूचना आणली तेव्हा मसुदा समितीचे अध्यक्ष म्हणून आंबेडकरांनीच ती नाकारली. पुढच्या पिढ्यांनी कोणती समाजव्यवस्था पत्करावी हे घटनेने आधीच ठरवून टाकू नये, हे एक कारण. मार्गदर्शक तत्त्वांत तो आशय आहेच, हे दुसरे. ते तत्त्व म्हणजे आजचे कलम ३९. त्याचा (ग) खंड सांगतो की अर्थव्यवस्थेच्या चालण्याने संपत्ती आणि उत्पादनसाधने सर्वांच्या अहिताला कारण होतील अशी एकवटू नयेत. वीस महिन्यांपूर्वी ज्या गोष्टी कायदेमंडळावर सोडू नयेत म्हणून त्यांनी आग्रह धरला, त्या आता न्यायालयात अंमल न मागता येणाऱ्या तत्त्वांत गेल्या. याला विसंगती म्हणायला हरकत नाही. फेडरेशनचा वकील आणि मसुदा समितीचा अध्यक्ष यांच्या भूमिका वेगळ्या होत्या, हे अर्धे उत्तर आहे. उरलेले अर्धे २५ नोव्हेंबर १९४९ च्या भाषणात आहे. राजकारणात समता आणि अर्थकारणात विषमता हा अंतर्विरोध लवकर मिटला नाही तर त्याचे चटके बसलेले लोक लोकशाहीची ही इमारतच उद्ध्वस्त करतील, असा इशारा देणारा माणूस आपल्याच मसुद्यात काय राहून गेले हे जाणून होता.

युद्ध आणि सैन्य यांबाबत घटना बरीच स्पष्ट आहे. संरक्षण दलांचे सर्वोच्च आधिपत्य राष्ट्रपतीकडे, पण कायद्याने नियमित. कलम ५१ मध्ये आंतरराष्ट्रीय शांततेचे आणि लवादाने तंटे सोडवण्याचे तत्त्व. कलम ३५२ मध्ये युद्धकाळातली आणीबाणी. सप्टेंबर १९५१ मध्ये आंबेडकरांनी मंत्रिमंडळाचा राजीनामा दिला. हिंदू कोड बिल हे त्याचे कारण सर्वांना माहीत आहे. १० ऑक्टोबरच्या निवेदनातले दुसरे कारण फारसे सांगितले जात नाही. वर्षाला साडेतीनशे कोटी महसूल गोळा करणारा देश त्यांतले सुमारे एकशे ऐंशी कोटी सैन्यावर खर्च करतो, हे त्यांनी निदर्शनास आणले. हा बोजा परराष्ट्रधोरणातून येतो. मित्र नसलेल्या देशाला सैन्यावरच भिस्त ठेवावी लागते. काश्मीरचा तंटा मिटवण्यासाठी त्यांनी फाळणीचा तोडगा सुचवला होता. तो तोडगा योग्य होता का, यावर मतभेद राहतील. कंपनीच्या जमाखर्चात फौजेचा रकाना तपासणारा विद्यार्थी आता स्वतंत्र देशाचा रकाना तपासत होता, हे मात्र निर्विवाद.

आयुष्याच्या अखेरीस आंबेडकरांनी युद्धाचा प्रश्न बुद्धाच्या चरित्रात नेला. सिद्धार्थाने गृहत्याग का केला, याचे रोगी, म्हातारा आणि प्रेत पाहिल्याचे पारंपरिक उत्तर त्यांनी नाकारले. त्यांच्या ग्रंथात कारण आहे रोहिणी नदीच्या पाण्यावरून शाक्य आणि कोलिय यांच्यात पेटलेला तंटा. शाक्यांचा सेनापती शाक्य संघापुढे युद्धाचा ठराव मांडतो. सिद्धार्थ विरोध करतो आणि पर्याय देतो : आपले दोन, त्यांचे दोन, या चौघांनी निवडलेला पाचवा, आणि पाचांचा निवाडा. हा लवाद कुण्या ऋषीला सुचला नसता, बॅरिस्टरला सुचला. सिद्धार्थाची सूचना बहुमताने फेटाळली जाते. सक्तीच्या सैन्यभरतीला सिद्धार्थ नकार देतो. शिक्षा म्हणून देहान्त किंवा देशत्याग, आणि कुटुंबावर बहिष्कार व जमीनजप्ती. तो परिव्रज्या घेतो. पुढे युद्ध टळल्याची बातमी येते, आता परतायला हरकत नसते; तरी तो परतत नाही. युद्ध हा संघर्षाच्या मोठ्या प्रश्नाचा एक भाग आहे. राजे अधूनमधून लढतात, समाजातले वर्ग मात्र रोज लढतात आणि दुःखाचे मूळ तिथे आहे, असे त्याला उमगते. मक्तेदारी आणि युद्ध हे दोन प्रश्न आंबेडकरांच्या लेखनात अखेर इथे एकमेकांना मिळतात. याच ग्रंथात मारण्याची इच्छा आणि मारण्याची गरज यांत ते भेद करतात. १९१८ चा शक्ती-हिंसा भेद चाळीस वर्षांनी पाली वळणाने परततो.

त्यांच्या पश्चात या विचारांची कसोटी यवतमाळसारख्या जिल्ह्यांत लागली. सरकारी मक्तेदारीची वाट त्यांच्या हयातीतच मोकळी झाली होती : १९५१ च्या पहिल्या घटनादुरुस्तीने कलम १९(६) मध्ये, राज्याला एखादा व्यापार नागरिकांना पूर्णपणे किंवा अंशतः वगळून चालवण्याची मुभा मिळाली. उत्तर प्रदेशातल्या सरकारी बससेवेच्या प्रकरणात अलाहाबाद उच्च न्यायालयाने दिलेला निकाल त्यामागे होता आणि आंबेडकर त्या वेळी कायदामंत्री होते. महाराष्ट्राने १९७१ चा कच्च्या कापसाचा कायदा केला आणि १९७२-७३ च्या हंगामापासून कापूस एकाधिकार खरेदी योजना सुरू झाली. खासगी व्यापाऱ्याने कापूस घ्यायचा नाही. शेतकऱ्याने तो सरकारी संकलन केंद्रावरच घालायचा. व्यापारी आणि दलाल यांच्या तावडीतून कापूस सोडवण्याचा हेतू आंबेडकरांच्या विचाराशी जुळणारा होता, आणि पहिल्या काळात हमीभाव व बोनस यांनी त्याची चुणूकही दिसली. पुढे केंद्रांवर गाड्यांच्या रांगा लागल्या, ग्रेडरच्या शब्दावर दर्जा ठरू लागला, चुकारे महिनोन्‌महिने अडकले. शेजारी आदिलाबादला भाव बरा असला की पांढरकवड्याकडचा कापूस पैनगंगा ओलांडून जाई, आणि आपल्याच पिकाची वाहतूक गुन्हा ठरे. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने सरकारी मक्तेदारीलाच शोषक ठरवले. नव्वदीच्या दशकात तोटा साचत गेला आणि नव्या शतकाच्या सुरुवातीला एकाधिकार संपला. राज्य मतदाराला जाब देते हे गृहीतक संकलन केंद्राच्या फाटकापाशी लंगडे पडले होते.

एकाधिकार संपला तेवढ्यात दुसरी मक्तेदारी दारात होती. खासगी मक्तेदारीला आवर घालण्यासाठी कलम ३९ (ग) च्या आधारे, न्या. के. सी. दासगुप्ता यांच्या चौकशी आयोगानंतर, १९६९ मध्ये मक्तेदारी-प्रतिबंधक एमआरटीपी कायदा झाला होता. मार्च २००२ मध्ये बोंडअळीला तोंड देणारे जनुक घातलेल्या बीटी कापसाला परवानगी मिळाली. तंत्र अमेरिकेच्या मोन्सँटोचे, भागीदार जालन्याची महिको. साडेचारशे ग्रॅमच्या पाकिटाच्या किमतीत तंत्राच्या मोबदल्याचा मोठा भाग असे. २००६ मध्ये आंध्र सरकारच्या तक्रारीवर एमआरटीपी आयोगाने तो कमी करायला सांगितला आणि पाकीट सोळाशेच्या वरून साडेसातशेवर आले. डिसेंबर २०१५ मध्ये केंद्राने किंमत-नियंत्रण आदेश काढला, २०१६ मध्ये स्पर्धा आयोगाने चौकशी लावली. कायद्याने किंमत उतरवली. पण जुनी वाणे बाजारातून जवळपास गेली होती, दुसरे बियाणे घेण्याचा पर्याय त्या कायद्याने शेतकऱ्याला परत मिळाला नाही.

२०१७ च्या हंगामात बोंडअळी परतली, फवारण्या वाढल्या आणि यवतमाळ जिल्ह्यात विषबाधेने विसाहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. चौकशीत मोनोक्रोटोफॉसचे नाव पुढे आले. हे रसायन ज्या ऑर्गनोफॉस्फेट कुळातले, त्याचा इतिहास युद्धाला चिकटलेला आहे. १९३६ मध्ये जर्मनीच्या आयजी फार्बेन या महाकाय रसायनसंघात कीटकनाशक शोधताना गेरहार्ड श्राडरला टाबुन सापडले आणि ते युद्धासाठीचे विषारी अस्त्र ठरले. युद्धानंतर त्या संघाच्या संचालकांवर न्यूरेंबर्गला खटला चालला. संघ मोडला, त्याचा एक घटक बायर म्हणून पुन्हा उभा राहिला आणि २०१८ मध्ये त्यानेच मोन्सँटो विकत घेतली. या साखळीतून कुणा एकावर ठपका ठेवता येत नाही. मक्तेदारीचे आणि शस्त्राचे कारखाने एकाच छताखाली असू शकतात, एवढे मात्र त्यातून कळते.

शस्त्रांचे कारखाने विदर्भातही आहेत. वणीहून वर्धा नदी ओलांडली की चंद्रपूर जिल्ह्यातल्या भद्रावतीला आयुधनिर्माणी लागते. १ ऑक्टोबर २०२१ ला देशातल्या सरकारी आयुधनिर्माण्यांच्या सात कंपन्या झाल्या आणि भद्रावतीची निर्माणी म्युनिशन्स इंडिया या कंपनीकडे गेली. त्याआधी कामगारांनी संपाची तयारी केली होती. जून २०२१ च्या वटहुकमाने आणि त्यामागून आलेल्या अत्यावश्यक संरक्षण सेवा कायद्याने संपाला बंदी घालण्याचा अधिकार सरकारने घेतला. १९३८ मध्ये मुंबईच्या औद्योगिक कलह विधेयकाला विरोध करताना आंबेडकरांनी संपाचा हक्क हे स्वातंत्र्याच्या हक्काचेच दुसरे नाव असल्याचे मांडले होते आणि ७ नोव्हेंबरच्या संपात ते स्वतः उतरले होते. संरक्षणाला मिळालेली सूट संपापुरतीच नाही : मक्तेदारीविरोधी अशा २००२ च्या स्पर्धा कायद्यातही ‘उद्योगसंस्था’ या शब्दाच्या व्याख्येतून संरक्षण, अणुऊर्जा, चलन आणि अवकाश ही केंद्र सरकारची खाती वगळली आहेत. त्या खात्यांच्या खरेदी-विक्रीला मक्तेदारीविरोधी कायदा लागू होत नाही.